माकडताप आणि तीन राज्यांची सीमा

दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूर हे तालुके तीन वेगवेगळ्या राज्यांत आहेत. त्यांच्यामधले जंगल मात्र एकच आहे. या जंगलातून आलेल्या तापाने जे प्रश्न उभे केले, ते डॉक्टरांपेक्षा प्रशासनाला अधिक अवघड गेले आहेत.

फेब्रुवारी सरत आला की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यातील डोंगरउतारांवर काजूचा मोसम सुरू होतो आणि तो मे महिन्यापर्यंत चालतो. काजू झाडावरून तोडण्यापेक्षा खाली पडलेला वेचण्याची रीत आहे. शेजारच्या गोव्यात तर फेणीसाठी बोंडू झाडावर पूर्ण पिकून आपोआप खाली पडणेच इष्ट मानले जाते. साहजिकच या तीन महिन्यांत शेकडो स्त्री-पुरुष सकाळपासून वाळक्या पाचोळ्यात वाकून हात घालत असतात. वेचणारे सगळे स्थानिक असतात असेही नाही. घाटावरून, बेळगाव जिल्ह्यातून, मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. मोसम संपला की, किंवा अंगात ताप भरला की, त्या परत जातात.

हा मोसम आणि माकडतापाचा मोसम एकच आहे, आणि तो नेमका त्याच पाचोळ्यात असतो. २०१६ च्या जानेवारीपासून दोडामार्ग तालुक्यात या रोगाची साथ पसरली. शंभराहून अधिक रुग्णांना लागण झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि काही जण दगावले. त्याआधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात हाच रोग आढळला होता. पालीतले जंगल आणि दोडामार्गातले जंगल यांच्यामध्ये नकाशावरच्या रेषेखेरीज काही नाही.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी लावलेला शोध

माकडतापाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. क्यासनूर हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातले एक राखीव जंगल. १९५७ च्या मार्चमध्ये तेथे माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. या केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा त्यांच्या मनात पहिली भीती होती पीतज्वराची. माकडे मरणे हे पीतज्वराचे लक्षण, आणि तो रोग भारतात कधीच आलेला नव्हता. प्रत्यक्षात मेलेल्या माकडाच्या शरीरातून जो विषाणू हाती लागला, तो पूर्णपणे नवा होता. त्याचे नाते रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळत होते.

त्यातून एक वेगळाच तर्क निघाला. सैबेरियातून हिवाळ्यात भारतात येणारे पक्षी आपल्या अंगावर गोचिडी वाहून आणत असतील काय? या प्रश्नाच्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला साहाय्य दिले आणि सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढवली गेली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. पण भारतातील स्थलांतरित पक्ष्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया एका तापाने घातला, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते.

रोगाचे चक्र असे आहे. विषाणू जंगलातल्या लहान उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि गोचिडींत टिकून राहतो. गोचिडीच्या वाढीच्या मधल्या अवस्थेतली, खसखशीच्या दाण्याएवढी पिल्ले पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून मेपर्यंत, पाचोळ्यात सर्वाधिक असतात. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड यांना ती चावली तर त्यांच्यात विषाणू झपाट्याने वाढतो आणि बहुतेक वेळा ते मरतात. मेलेल्या वानराचे शरीर थंड होऊ लागताच त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागी पाचोळ्यात पसरतात. त्यानंतर तेथून सरपण, पाला किंवा काजू वेचायला जो जाईल, त्याला धोका असतो. चरायला जाणारी गुरे स्वतः फारशी आजारी पडत नाहीत. मात्र मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात व त्यांच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत येतात.

माणसाला चावा घेतल्यानंतर तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके आणि अंग विलक्षण दुखते; काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम दिसू लागतो. रोगावर खास असे औषध नाही. शरीरातले पाणी, रक्तदाब, रक्तस्राव यांकडे वेळेवर लक्ष दिले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात. मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के मानले जाते. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही, एवढी एक गोष्ट त्यात दिलासा देणारी.

तीन ते आठ दिवसांचा प्रवास

वर वर पाहता हा एका जंगलपट्ट्यातला मर्यादित रोग वाटतो, आणि शोध लागल्यानंतरची कित्येक दशके तो कर्नाटकातील पाच जिल्ह्यांपुरताच राहिला. २०१२ च्या अखेरीस चित्र पालटले. त्या वर्षी बंदीपूर व्याघ्रप्रकल्पात काम करणाऱ्या मजुरांमध्ये तो आढळला. बंदीपूरला लागून तमिळनाडूचे मुदुमलाई आणि केरळचे वायनाड. थोड्याच काळात या दोन्ही ठिकाणी विषाणू सापडला आणि २०१५ मध्ये वायनाडमध्ये मोठी साथ आली. त्याच वर्षी गोवा, पुढच्या वर्षी महाराष्ट्र. सह्याद्रीच्या रांगेतील पाच राज्यांत हा ताप चार वर्षांच्या आत पोहोचला. नवी ठिकाणे बघितली तर ती बहुतेक दोन किंवा तीन राज्ये जिथे एकत्र येतात अशीच आहेत. त्यात गूढ काही नाही. आपल्याकडे राज्यांच्या सीमा पुष्कळदा डोंगराच्या कण्यावरून जातात आणि जंगल उरले आहे तेही तेथेच.

आता बेळगावच्या मजुरांचे उदाहरण घ्यावे. गोव्यातील काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील काही मजुरांना २०१६ मध्ये हा ताप झाल्याचे निष्पन्न झाले. चावा एका राज्यात, ताप दुसऱ्या राज्यात. आजार उघड व्हायला लागणारे तीन ते आठ दिवस म्हणजे टोळी घाट चढून घरी परतण्याला पुरेसा अवधी. परतलेला मजूर आपल्या गावातल्या डॉक्टरकडे जातो. ज्या गावात वानर मेल्याचे कोणी पाहिलेले नाही आणि माकडताप कधी ऐकलेला नाही, तेथील डॉक्टर मलेरिया, डेंगी, टायफॉइड यांच्या तपासण्या लिहून देणार. यात त्याचा दोष काढता येत नाही. ‘कामाला कुठे गेला होतास?’ हा एक प्रश्न विचारण्याइतकी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते, कारण ती सीमेपलीकडच्या दुसऱ्या राज्याच्या दप्तरात असते.

हे दप्तर एकच नाही, हीही अडचण. वानर मेल्याची खबर वनखात्याकडे जाते. शवविच्छेदन पशुवैद्यक करतो. तापाचा रुग्ण आरोग्यखात्याच्या नोंदीत येतो. नमुना तपासण्यासाठी विशेष सुरक्षित प्रयोगशाळा लागते. सुरुवातीच्या वर्षांत या पट्ट्यातले नमुने पुण्याला किंवा कर्नाटकातील मणिपालला जात. गोवा व सिंधुदुर्गातल्या रुग्णांचा माग लावण्यात मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. थोडक्यात, एका राज्यात तीन खाती, आणि राज्ये तीन. गोव्याच्या हद्दीत मेलेल्या वानराची बातमी दोडामार्गच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळली, तर काजू वेचणाऱ्यांना त्या बागेपासून दूर ठेवता येते, अंगाला लावायचे डीएमपी तेल आधी वाटता येते. तीच बातमी जिल्हा, संचालनालय, मंत्रालय असा प्रवास करून पलीकडच्या मंत्रालयातून खाली उतरली, तर तोवर पाचोळ्यातल्या गोचिडी माणसाच्या अंगावर चढलेल्या असतात.

देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आहे आणि आता त्याच्या नोंदी संगणकीय मंचावर होतात. ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र तिची रचना खालून वर जाणारी आहे: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, दिल्ली. सीमेवरच्या दोन शेजारी तालुक्यांना एकमेकांकडे आडवे पाहण्याची गरज असते आणि तीच वाट अरुंद आहे. साथ आली की दोन्हीकडचे अधिकारी भेटतात, भ्रमणध्वनी क्रमांकांची देवाणघेवाण होते, एखादा चांगला जिल्हा आरोग्य अधिकारी ओळखीच्या बळावर काम पुढे नेतो. त्याची बदली झाली की ओळखही बदलून जाते.

रुग्णालय पलीकडे, रेशनकार्ड अलीकडे

माहितीनंतर येतो तो उपचाराचा प्रश्न, आणि या भागात तो जुना आहे. दोडामार्गच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या ओरोसपेक्षा म्हापसा कितीतरी जवळ पडते. आजार गंभीर असेल तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. सिंधुदुर्गात ‘बांबोळीला नेले’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. या महाविद्यालयाची परंपरा १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही सीमा दोन देशांमधली होती. ती पुसली गेल्यानंतर पिढ्यानपिढ्यांचे नातेसंबंध, बाजार आणि दवाखाने पुन्हा मोकळे झाले.

अशा स्थितीत २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने आपल्या रुग्णालयांत परराज्यातील रुग्णांना शुल्क आकारण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, तीव्र प्रतिक्रिया उमटली. लोक रस्त्यावर आले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून या रुग्णांचा खर्च महाराष्ट्राने उचलावा, यासाठी दोन्ही सरकारांत बोलणी झाली. गोव्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. रुग्णालय गोव्याच्या करदात्यांच्या पैशावर चालते, खाटा मर्यादित आहेत, आणि शेजारच्या मोठ्या राज्याने आपल्या टोकाच्या जिल्ह्याची जबाबदारी पलीकडच्या छोट्या राज्यावर का टाकावी, हा प्रश्न कोणीही विचारील. सिंधुदुर्गच्या रुग्णाची बाजूही तितकीच खरी. रक्तस्राव होत असलेल्या तापाच्या रुग्णाला कोणती योजना कोठे लागू आहे, याचा शोध घेत बसण्याइतकी सवड नसते. यात ठपका ठेवायचाच झाला तर तो मुंबईत बसून सिंधुदुर्गाचा नकाशा पाहणाऱ्यांवर ठेवावा लागेल. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहायला २०२१-२२ हे वर्ष उजाडले, आणि तेही दोडामार्गच्या टोकापासून लांबच आहे.

रुग्णवाहिकेचीही तीच कथा. १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे. गोव्यात ती सेवा २००८ पासून, महाराष्ट्रात २०१४ पासून. परंतु नियंत्रण कक्ष वेगळे, ठेकेदार वेगळे. पुण्याच्या कक्षाला दोडामार्गमधून येणारा फोन हा महाराष्ट्रातल्या हजारो फोनांपैकी एक असतो. सर्वांत जवळची मोकळी गाडी पाच-सहा किलोमीटरवर पण सीमेपलीकडे उभी असेल, तर ती पाठवता येईल अशी व्यवस्था आधी ठरलेली असावी लागते. ऐनवेळी ती ठरत नाही.

ऐनवेळी काय होते, हे २०२० मध्ये याच किनाऱ्यावर थोड्या अंतरावर दिसले. केरळचा कासरगोड जिल्हा मोठ्या उपचारांसाठी कर्नाटकातील मंगळूरवर अवलंबून आहे, दोडामार्ग-बांबोळीसारखेच नाते. करोनाच्या टाळेबंदीत, मार्चच्या अखेरीस, कर्नाटकाने सीमेवरचे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले. कासरगोडमध्ये तेव्हा करोनाचे रुग्ण वाढत होते, त्यामुळे कर्नाटकाची भीती अनाठायी नव्हती. पण हृदयविकार, मूत्रपिंडविकार यांचे रुग्णही अडकले आणि वाटेतच काही जण दगावल्याच्या बातम्या आल्या. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला केंद्राला रस्ता खुला करण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ एप्रिलला केंद्राने तेथे सांगितले की, तलपाडी नाक्यावरून तातडीच्या रुग्णांना वैद्यकीय तपासणीनंतर सोडण्याची कार्यपद्धती दोन्ही राज्यांनी मान्य केली आहे. ती कार्यपद्धती अगदी साधी होती. कोणत्या नाक्यावरून, कोणत्या कागदावर, कोण तपासणार, एवढेच तिच्यात ठरले. जे दोन जिल्हाधिकाऱ्यांना शांत काळात एका बैठकीत ठरवता आले असते, त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

घटनेत आहे, व्यवहारात विरळ

घटनाकारांनी या प्रसंगाची कल्पना केली नव्हती असे नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय. मात्र समवर्ती सूचीत २९ व्या क्रमांकावर एक वेगळी नोंद आहे: माणसे, जनावरे किंवा पिके यांचे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरण्यास प्रतिबंध. माकडतापाचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. या नोंदीखाली केंद्राला कायदा करता येतो, समन्वयाची यंत्रणा उभारता येते. तरीही १८९६ च्या मुंबईतील प्लेगमधून जन्मलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्ये हाताशी आला, आणि त्याचा सारा रोख सरकारला अधिकार देण्यावर आहे. शेजारी राज्यांनी एकमेकांना काय कळवावे, याबद्दल तो फारसे बोलत नाही.

राज्यांनी एकत्र बसण्यासाठी १९५६ पासून विभागीय परिषदा आहेत. त्यांची रचना पाहिली की अडचण ध्यानात येते. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत. कर्नाटक दक्षिण परिषदेत. दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूर यांचा प्रश्न ज्या एका टेबलावर यायला हवा, ते टेबलच या रचनेत नाही. त्यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचे ओझे. दोन्ही बाजूंना सीमा हा शब्द उच्चारला की राजकारण तापते आणि आरोग्य अधिकाऱ्याचे साधे पत्रही जपून लिहावे लागते.

तरी सहकार्य अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. त्याचा पुरावा दोडामार्ग तालुक्यातच आहे. तिलारी धरण महाराष्ट्रात आहे, त्याचे कालवे गोव्यात जातात आणि खर्च व पाणी यांची वाटणी दोन्ही राज्यांनी कराराने केलेली आहे. कुरबुरी होतात, कालवे फुटतात, थकबाकीवरून पत्रापत्री होते. पण पाणी वाहते. त्याच धरणाच्या पाणलोटातल्या जंगलासाठी तसा करार का असू नये? दुसरे उदाहरण पोलिओचे. भारतातला पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यानंतर पाकिस्तान सीमेवर, अटारी आणि मुनाबाव येथे, ये-जा करणाऱ्या मुलांना डोस देण्याची केंद्रे उभी राहिली. ज्या देशाशी व्यापार धड चालत नव्हता, त्याच्या सीमेवर हे जमले.

लसीचा भरवसा किती

माकडतापावर लस आहे ना, असे कोणी विचारील. कर्नाटकात ती अनेक दशके दिली गेली. २००५ ते २०१० या काळातील माहितीच्या अभ्यासात दोन मात्रांनंतर सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण आढळले. कागदावर हे आकडे वाईट नाहीत. प्रत्यक्षात एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि पुढे दरवर्षी एक, असे वेळापत्रक होते. टोचल्यावर दुखायचे फार, म्हणून दुसऱ्या मात्रेलाच माणसे फिरकत नसत. हंगामी मजुराच्या बाबतीत तर हे वेळापत्रक हास्यास्पदच. पहिली मात्रा सत्तरीत घ्यायची आणि दुसरी खानापुरात, तर दोन राज्यांच्या नोंदी एकमेकींना दिसायला हव्यात. लसीची परिणामकारकताही पुढे घटत गेल्याचे दिसून आले आणि तिचे उत्पादन थांबले. नव्या लसीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे.

म्हणजे तूर्त भरवसा ठेवायचा तो जुन्या, स्वस्त उपायांवर. वानर मेल्याची खबर देणारा गुराखी, त्या जागी त्याच दिवशी कीटकनाशक भुकटी टाकणारा कर्मचारी, तेलाची बाटली घरोघर देणारी आशा सेविका, संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळणे. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळेची शिस्त, आणि ती सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी. एका बाजूने भुकटी टाकली आणि दुसऱ्या बाजूने आठवड्याने टाकली, तर जंगलाला त्याचा उपयोग नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मजूर. गावकऱ्यांची नोंद मतदारयादीत, रेशनकार्डावर असते. घाटावरून आलेल्या टोळीची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत. ती वही आरोग्य केंद्राने मोसमाच्या पहिल्या आठवड्यात पाहिली, कोण कोणत्या गावचा हे टिपले आणि ती यादी खानापूर वा बेळगावच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवली, तर ताप घेऊन परतणारा माणूस तेथल्या डॉक्टरला अनोळखी राहणार नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांत छापलेले एक लहानसे कार्ड मजुराच्या खिशात असले तरी पुष्कळ काम होईल: कोणत्या जंगलात काम केले, कोणत्या तारखांना, आणि ताप आल्यास डॉक्टरने कोणती तपासणी करावी.

या सगळ्याची वेळ काजूच्या मोसमात येत नाही. २००२ साली कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हाही पहिले काही महिने ‘येतील तसे परत जातील’ याच आशेवर गेले; हत्ती राहिले. गोचिडीच्या बाबतीत तर वर्षाचे वेळापत्रकच ठरलेले आहे. पाऊस ओसरला की पाचोळ्यात पिल्ले वाढू लागतात, डिसेंबर-जानेवारीत पहिली वानरे मरतात, आणि काजू वेचायला टोळ्या उतरतात त्या फेब्रुवारीत. तेल, भुकटी, कार्डे आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक यांची जुळवाजुळव करायला जे दिवस मिळतात, ते गणपती आटोपल्यानंतरचे आणि दिवाळीपूर्वीचे.